शाईचे पेन: लिहायला आणि जमवायला सुरुवात कशी करावी

बॉलपेनच्या टोकात गोळी असते आणि ती फिरवायला दाब द्यावा लागतो. शाईच्या पेनाला दाब लागतच नाही. शाई निबखाली बसवलेल्या जिभेच्या बारीक खाचेतून निबच्या चिरेत उतरते आणि टोक कागदाला टेकले की कागदच ती ओढून घेतो. निब खरखरते, रेष तुटते, बोटे दुखतात या नवशिक्यांच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा बॉलपेनची सवय असते. पेन क्वचितच बिघडलेले असते.

पहिले पेन

स्टीलची निब, फाइन किंवा मीडियम टोक आणि कार्ट्रिज (शाई भरूनच मिळणारी नळी) व कन्व्हर्टर (बाटलीतून शाई ओढणारी दट्ट्याची नळी) दोन्ही चालतील अशी रचना एवढे पाहावे. पायलट काकुनो, प्लॅटिनम प्रेपी आणि लॅमी सफारी या तिन्हींवर हात बसवता येतो. सफारीची पकड त्रिकोणी आहे. ज्यांची बोटे त्या खाचांत बसत नाहीत त्यांना ती सतत टोचते, म्हणून आधी हातात धरून बघावे. प्रेपीच्या टोपणाच्या आत स्प्रिंग असलेले दुसरे झाकण असते, त्यामुळे पेन बराच काळ पडून राहिले तरी सहसा सुकत नाही.

जपानी फाइन ही युरोपीय फाइनपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. देवनागरी लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे: ब्रॉड निबने लहान अक्षर काढले की ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ध’ यांच्या गाठी शाईने भरून जातात. अक्षर बारीक असेल तर फाइन, मोकळे असेल तर मीडियम.

सोन्याच्या निबचा मोह इतक्यात नको. कागदाला सोने टेकत नाही आणि स्टीलही टेकत नाही. दोन्हींच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो आणि लिहितो तो मणीच.

शाई

बाटलीवर ती फाउंटन पेनसाठी असल्याचे लिहिलेले असावे. इंडिया इंक किंवा ॲक्रिलिक शाई कधीच भरू नये. तिच्यातले शेलॅक किंवा राळ जिभेत सुकते आणि मग पाण्याने निघत नाही. पहिली बाटली साध्या निळ्या, पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शाईची घ्यावी. काही ब्लूब्लॅक शाया आयर्न गॉल (लोहक्षार आणि टॅनिनच्या) प्रकारच्या असतात. त्या कागदावर हळूहळू काळ्या पडतात आणि टिकतात छान, पण आम्लधर्मी असल्यामुळे पेनात सुकू देऊ नयेत. चमकी घातलेल्या शायांना वर्षभर तरी हात लावू नये. दोन शाया एकत्र करायच्या असतील तर बाहेर, लहान कुपीत करून दोन दिवस बघावे. तळाशी गाळ बसला तर तोच पेनात बसला असता.

पहिल्यांदा भरताना

1. नव्या पेनात कारखान्यातल्या तेलाचा अंश असू शकतो. एक कप साध्या पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून ते पाणी कन्व्हर्टरने चार-पाच वेळा आत-बाहेर करावे, मग तितक्याच वेळा नुसते पाणी.
2. कन्व्हर्टर सरळ आणि घट्ट बसवावा. तिरका बसला तर तोंडाशी शाई झिरपते.
3. दट्ट्या पूर्ण खाली नेऊन निब संपूर्ण बुडवावी, पकडीची कडा किंचित ओली होईल इतकी. निब अर्धीच बुडाली तर शाईबरोबर हवाही आत येते.
4. दट्ट्या सावकाश वर घ्यावा आणि निब बाटलीतच पाच सेकंद राहू द्यावी.
5. निब बाहेर काढून दोन-तीन थेंब बाटलीत परत सोडावेत, मग निब वर धरून दट्ट्या उरलेला वर ओढावा. ही पायरी गाळली की तुडुंब भरलेल्या जिभेतून पहिल्याच ओळीत डाग पडतो.
6. निब आणि पकड सुती कापडाने टिपावी. टिश्यूचा तंतू चिरेत अडकला की बारीक निबही झाडूसारखी लिहिते.

कन्व्हर्टरमध्ये साधारण अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते. कार्ट्रिज वापरायचे तर टक् असा आवाज येईपर्यंत सरळ दाबावे आणि पेन निब खाली करून काही मिनिटे उभे ठेवावे. घाईने पेन झटकू नये, शाई भिंतीवर जाते. पायलट, प्लॅटिनम, लॅमी यांची कार्ट्रिजे एकमेकांच्या पेनात बसत नाहीत.

हात बसवणे

निबची चीर वर, आकाशाकडे. पेन कागदाशी 45 ते 55 अंशांत असावे. पेन बोटांत फिरले की मण्याची एकच बाजू टेकते आणि रेष तुटते. दाब तपासायला चार-पाच कोरे कागद एकावर एक ठेवून दोन ओळी लिहाव्यात. दुसऱ्या कागदावर बोट फिरवल्यावर अक्षरे हाताला लागली तर दाब जास्त आहे. मग आठच्या आकड्यासारखी मोठी वेटोळी काढत, रेष तुटणार नाही एवढाच स्पर्श ठेवायचा सराव रोज एक पान करावा. डावखुऱ्यांनी फाइन निब आणि लवकर सुकणारी शाई घ्यावी.

कागदाची जाडी ही निम्मीच माहिती असते. शाई फुटणार की नाही हे कागदाला बाहेरून दिलेल्या लेपावर आणि लगद्यातल्या खळीवर ठरते. टोमोए रिव्हर कागद 52 जीएसएमचा (चौरस मीटरला 52 ग्रॅम), पापुद्र्यासारखा, तरी त्यावर शाई फुटत नाही. सुकायला मात्र वेळ लावते. वही घेण्याआधी शेवटच्या पानावर जाड फुली काढून दहा सेकंद थांबावे, मग कडांना मिशा फुटल्या का आणि मागे उतरली का ते बघावे.

काय बिघडते

पानाच्या वरच्या भागात पेन छान चालते आणि खाली येता येता रेष तुटू लागते, असे झाले तर निबला दोष देऊ नका. तळहाताचा तेलकटपणा कागदाला लागलेला असतो आणि त्यावर शाई धरत नाही. हाताखाली एक कागद ठेवा.

एकाच दिशेने खरखर होत असेल तर निबची दोन टोके वरखाली झालेली असतात. दहापट भिंगातून समोरून बघावे आणि खाली गेलेले टोक नखाने हळूच वर उचलावे, केसाएवढे. बारीक पॉलिश कागदावर निब घासण्याचा सल्ला अनेक जण पहिल्याच दिवशी देतात. तो शेवटचा उपाय आहे, कारण गेलेला धातू परत येत नाही. पेन निबवर पडून टोक वाकले तर पक्कड लावू नये, जाणकाराकडे द्यावे.

शाई संपत आली असताना पेन गळते ते आतली हवा हाताच्या उबेने फुगते म्हणून. आख्ख्या दांडीत शाई भरायच्या ड्रॉपरच्या पेनात हे जास्त होते. एक चतुर्थांश शाई उरली की पुन्हा भरावी आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

शाई बदलताना, नाहीतर दर चार-सहा आठवड्यांनी पेन धुवावे. पाणी साधेच हवे. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही वर्ज्य. शाई सुकून अडकली असेल तर निब रात्रभर पाण्यात ठेवावी. धुतल्यावर निब खाली करून टिश्यूत गुंडाळून ठेवली की जिभेतला उरलेला रंग तो कागद शोषून घेतो.

दुसरे पेन, मग तिसरे

पहिले पेन दहा वेळा भरून रिकामे केल्याशिवाय दुसरे घेऊ नये. तोवर आपल्याला बारीक हवे की ओले (भरपूर शाई सोडणारे), जड की हलके हे कळलेले असते. पुढे एखादे सूत्र धरावे. शाई भरण्याच्या पद्धती हे उत्तम सूत्र आहे: ड्रॉपर, तरफ (दांडीवरची पट्टी उचलून आतली पिशवी दाबणारी), पिस्टन (दांडीतच बसवलेला दट्ट्या; पेलिकनचे पहिले पेन 1929 चे, तेही पिस्टनचेच), कन्व्हर्टर. नुसते रंग जमवणाऱ्यांची पेने लिहिण्यात सारखीच असतात आणि हे उशिरा लक्षात येते.

जुने पेन घेताना आधी मणी बघावा. तो झिजून सपाट झाला असेल तर बाकी कितीही चकचकीत असो, सोडून द्यावे. मग टोपणाच्या काठाला तडे आहेत का ते उजेडात फिरवून बघावे. तरफेचे पेन असेल तर तरफ जोराने ओढू नये. आतली रबरी पिशवी वाळून कडक झालेली असते आणि तरफ मोडते किंवा दांडीला चीर जाते. पिशवी बदलता येते. 1941 मध्ये आलेले पार्कर 51 हे जुन्यातले सोपे पेन. त्याचे 1948 च्या सुमारासचे एरोमेट्रिक (पिशवी दाबून शाई भरायचे) रूप शोधावे, त्यातली पारदर्शक पिशवी अजूनही बऱ्याचदा शाबूत निघते.

एबोनाइटचे (कडक रबराचे) पेन पाण्यात बुडवून ठेवू नये आणि उन्हात तर नकोच, काळा रंग तपकिरी पडतो. सेल्युलॉइडचे (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचे) पेन हवाबंद डब्यात कोंडू नये. एका वेळी दोन-तीनच पेने भरलेली ठेवावीत, बाकीची धुऊन, सुकवून. प्रत्येक पेनासाठी एक कार्ड करावे: भरल्याची तारीख, शाई, निब, शेवटचे कधी धुतले. ते कार्ड त्याच पेनाने लिहावे, म्हणजे रेषेचा नमुनाही जपला जातो.