कठीण सामाजिक प्रश्नांवर ख्रिस्ती कथा लिहिताय? क्षमेची घाई आणि अशा आणखी चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली होती. नवरा दारू पिऊन मारतो, बायको सोसत राहते, शेवटी तो उपासनेत ढसाढसा रडतो आणि ती त्याला क्षमा करते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंना ती वाचायला दिली. वही परत करताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या रात्री ती झोपली कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्रीचा विचार मी केलाच नव्हता. मला शेवट गाठायचा होता.

पुढे इतरांची हस्तलिखितं वाचताना हीच घाई पुन्हापुन्हा दिसली. विषय कोणताही असो, घरातली मारहाण, गर्भपात, व्यसन, आत्महत्या किंवा मंडळीतच झालेलं शोषण, जखम उघडी पडते न पडते तोच तिच्यावर कृपेची पट्टी चढते. ख्रिस्ती कथेतल्या बहुतेक चुका इथून सुरू होतात, असं माझं ठाम मत आहे.

क्षमा फार लवकर येते

हे ओळखायचं कसं? अपराध्याच्या पश्चात्तापाला चार पानं आणि जिच्यावर अन्याय झाला तिच्या वाट्याला एक वाक्य, असा हिशेब निघाला की समजावं.

पवित्र शास्त्र स्वतः अशी घाई करत नाही. लूक १९ मध्ये श्रीमंत जकातदार जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. या घराला तारण प्राप्त झालं, असं येशू म्हणतो ते यानंतर. कथा लिहिणाऱ्याने हा क्रम डोळ्यांसमोर ठेवावा. आपल्या कथेत परतफेड कोण करतं, कशी करतं, किती दिवस करतं? क्षमेविषयी बोलताना आपण मत्तय १८ मधलं 'साताच्या सत्तर वेळा' सांगतो. त्याच अध्यायात लहानाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयीचे कठोर शब्द आहेत. अपराध्याला आधी एकट्याला, मग एकदोघांसमोर आणि शेवटी मंडळीसमोर जाब विचारण्याची पद्धतही तिथेच आहे. त्यातलं एकच वचन उचललं की कथा पीडितेवर दुसऱ्यांदा अन्याय करते.

दुरुस्तीसाठी मी एक करते. क्षमेचा प्रसंग कापून बाजूला ठेवते आणि उरलेली कथा वाचते. ती उभी राहिली नाही, तर मधलं बरंच काही लिहायचं राहिलंय असं समजते. घराची किल्ली कुणाकडे आहे, मुलं कुणाकडे आहेत, तिला कुणी खोटं ठरवलं, असं सगळं. क्षमा त्यानंतरही येऊ शकते, पण आता ती कुणावर लादलेली नसते. शिवाय क्षमा केली म्हणजे त्याच घरी परत गेलंच पाहिजे असं नाही. या दोन गोष्टी कथेने वेगळ्या ठेवायला हव्यात.

हिंसा: एकतर सगळं दाखवलेलं, नाहीतर सगळं झाकलेलं

इथे २ शमुवेल १३ पुन्हापुन्हा वाचण्यासारखा आहे. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बळजबरी करतो, ते शास्त्रात मोजक्या शब्दांत येतं. त्याआधीची तिची विनवणी मात्र पूर्ण येते. मग डोक्यावर घातलेली राख, फाडलेला झगा, आक्रोश करत जाणं, भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहणं. दावीद राजा रागावतो, पण मुलाला शासन करत नाही. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो आणि दोन वर्षांनी आपल्या चाकरांकरवी अम्नोनाचा जीव घेतो. शरीराचं वर्णन जवळजवळ नाही, परिणामांचं मात्र भरपूर. आपल्याला हवं ते प्रमाण हेच. आत्महत्येविषयी लिहिताना तर पद्धतीचा तपशील पूर्ण गाळावा. वाचणाऱ्यांत त्याच काठावर उभं असलेलं कुणी असू शकतं.

वचन म्हणजे औषधाची गोळी

दुःखी पात्र बोलतं, समोरचा एक वचन सांगतो, पात्र शांत होतं. असा संवाद सापडला की सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचं सांत्वन करायला आलेले त्याचे मित्र आठवावेत. त्यांची कितीतरी वाक्यं सुटी काढली तर धार्मिक आणि बरोबर वाटतात. तरीही ४२ व्या अध्यायात देव त्यांच्यावर कोपतो आणि ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला असं म्हणतो, तोच ईयोब ज्याने पानंच्या पानं तक्रार केली. तुमच्या पात्रालाही तेवढं बोलू द्या. स्तोत्र ८८ अंधारात संपतं, तरीही ते प्रार्थनाच आहे.

माहिती कच्ची

कादंबरीतला माणूस बाटली मोरीत ओततो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हसतमुखाने उपासनेला येतो. वर्षानुवर्षं खूप पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हात कापतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडायची असते. तसंच, मारणाऱ्या नवऱ्याचं घर सोडलं की बाई सुरक्षित झाली असं आपण लिहितो. खरं तर ती निघते तेव्हा आणि लगेच नंतर धोका वाढतो, आणि कितीतरी जणी कायमचं निघण्याआधी अनेकदा परत जातात. नैराश्याच्या कथेत प्रार्थना आणि औषधं एकमेकांविरुद्ध उभी करू नका. हे फक्त अचूकतेपुरतं नाही. आपलं पुस्तक वाचून कुणीतरी गोळ्या बंद करू शकतं.

वाईट माणूस नेहमी बाहेरचा

नास्तिक प्राध्यापक, लोभी व्यापारी, आणि आतले सगळे पाळक मात्र समजूतदार! नाथान संदेष्टा राजवाड्यात गेला आणि देवाने निवडलेल्या दावीद राजालाच त्याने "तो मनुष्य तूच आहेस" असं सुनावलं. देव न मानणाऱ्या पात्राच्या तोंडी त्याचा सर्वांत बळकट युक्तिवाद द्या, तुम्हाला अडचणीत टाकणारा.

माणसाऐवजी प्रश्नच चालतोय

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, म्हणजे विधवाविवाहाच्या कायद्यानंतर वर्षभरातली. ख्रिस्ती लेखकाने थेट सामाजिक प्रश्नाला हात घातलेली. त्यातलं धर्मचर्चेचं ओझं आज जाणवतं, पण विधवांच्या हकीकती जिवंत वाटतात. तुमच्या नायिकेला तिच्या दुःखाखेरीज काय आवडतं, ती कशावरून चिडते, हे ठाऊक नसेल तर लिखाण थोडं थांबवा.

शेवट कुलूपबंद

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मोठा भाऊ मेजवानीला आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. दस्तयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये (१८६६) सोन्या ही तरुणी खून केलेल्या रास्कोल्निकोव्हला मेलेला लाजर पुन्हा जिवंत झाल्याची बायबलमधली गोष्ट वाचून दाखवते, तरी तो लगेच बदलत नाही. शिक्षा भोगतानाही त्याचं मन बराच काळ कठीणच राहतं. अखेरच्या पानांत नवा करार त्याच्या उशीखाली असतो आणि त्याने तो अजून उघडलेलाही नसतो.

माझी ती कथा मी पुन्हा लिहिली. नवरा उपासनेत रडतो, तो प्रसंग अजून आहे, पण ती तिथे नसते. ती शेजारणीच्या स्वयंपाकघरात जमिनीवर झोपलेली असते, धाकटी मुलगी कुशीत, आणि आतून कडी लागली आहे ना हे बघायला शेजारीण दोनदा उठते.