एआयला वैतागलात? मग आधी ही कामं उरकून घ्या

हे चित्रं काढणाऱ्यांसाठी लिहितोय, लिहिणाऱ्यांनाही बरंचसं लागू होईल. चीड येणं साहजिक आहे, कंपन्यांनी आपलीच कामं न विचारता उचलायची, त्यावर एआय मॉडेल, म्हणजे चित्रं बनवणारा प्रोग्राम, शिकवायचं आणि मग तेच आपल्या क्लायंटला विकायचं. एआयला शिकवायला वापरल्या जाणाऱ्या २०२२ च्या लायन-५बी डेटासेटमध्ये ५८५ कोटी चित्रांच्या लिंक्स आणि कॅप्शन होत्या, विचारलं कुणाला? पण नुसतं चिडून स्क्रोल करत बसण्यापेक्षा एक संध्याकाळ काढा.

सुरुवात सेटिंग्जपासून. लिंक्डइनवर डेटा प्रायव्हसीखाली ‘डेटा फॉर जनरेटिव्ह एआय इम्प्रूव्हमेंट’ असं बटण आहे, २०२४ मध्ये ते बऱ्याच लोकांना आधीपासूनच ऑन दिसलं, ते ऑफ करा. आधी जे शिकून झालंय ते काही परत येत नाही, पण पुढचं तरी थांबेल. जिथे जिथे पोर्टफोलिओ आहे तिथे असंच शोधा.

स्वतःची वेबसाईट असेल तर रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलमध्ये (साईटवर कोणत्या बॉटने काय उचलावं हे सांगणारी फाईल) जीपीटीबॉट, सीसीबॉट आणि गूगल-एक्सटेंडेड या एआयसाठी डेटा गोळा करण्याशी संबंधित तीन नावांना डिसअलाऊ करा, म्हणजे मनाई करा. गूगल-एक्सटेंडेड बंद केल्याने सर्चमधून तुम्ही गायब होत नाही, ती भीती नको. मात्र ही फाईल म्हणजे दारावरची ‘आत येऊ नये’ पाटी आहे, ज्याला घुसायचंय तो घुसतोच.

म्हणून पुढची पायरी ग्लेझ. शिकागो युनिव्हर्सिटीतल्या टीमने २०२३ मध्ये काढलेलं फुकट सॉफ्टवेअर, चित्रात असे बारीक बदल करतं की मॉडेलला तुमची स्टाईल नीट पकडता येत नाही. साध्या कॉम्प्युटरवर वेळ खूप लागतो, आणि सपाट रंगांच्या चित्रात ते बदल डोळ्यांनाही दिसतात, त्यामुळे आधी एकावर ट्राय करा. नाइटशेड त्याच टीमचं, ते मॉडेलला चुकीचं शिकवतं. दोन्हीवर तोड काढणारं संशोधनही आलंय, त्यामुळे हे लावलं म्हणजे सेफ झालो असं नाही, आणि मोठ्या साइजची फाईल तशीही कुठे टाकू नका.

आता रेफरन्स, म्हणजे बघून काढायला लागणारे फोटो. एखादा पक्षी शोधला की निम्मे पक्षी मशीनचे आणि पायाला बोटं भलतीच. गूगलवर शब्दापुढे इंग्रजीत बिफोर, कोलन आणि २०२२ (before:2022) टाका. मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही चित्रं बनवणारी एआय टूल्स सगळ्यांच्या हातात आली ते २०२२ च्या मध्यावर, त्याआधीचं बरंच स्वच्छ मिळतं.

आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, सुचत नसेल तेव्हा एआयला प्रॉम्प्ट, म्हणजे काय हवं त्याचं वर्णन, टाकू नका. एकदा का ते चकचकीत चित्र डोळ्यासमोर आलं की तुम्ही त्याच्याच आसपास घुटमळता, तुमच्या डोक्यात जे अर्धवट, वाकडंतिकडं काहीतरी येणार होतं ते येतच नाही. अंगठ्याएवढे भरपूर रफ काढा, घाणेरडे, भराभर, पहिले काही सगळ्यांना सुचतात तसलेच असणार, ते होऊन जाऊ द्या आणि मग पुढचे बघा.

क्लायंट एआयचं चित्र पाठवून ‘फक्त थोडं फिक्स करून दे’ म्हणाला तर पूर्ण रेट सांगा, कारण पर्स्पेक्टिव्ह, हात, लाईट सगळंच चुकलेलं असतं आणि शेवटी नव्याने काढावं लागतं. वाद घालायची गरज नाही, एवढंच सांगा की अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने २०२३ मध्ये एका कॉमिकमधल्या मिडजर्नीच्या चित्रांना संरक्षण नाकारलं, फक्त मजकूर आणि मांडणीला दिलं. लोगोसाठी आलेला माणूस, आपल्या लोगोवर हक्क मिळेल का या शंकेने, इथे बरोबर थांबतो. आणि तुमचं काम एआयच्या ट्रेनिंगला वापरायचं नाही ही ओळ कोटेशनमध्येच घाला, नंतर कुणी ऐकत नाही.

शेवटचं म्हणजे पुरावा, कारण आता हाताने काढलेल्यावरही ‘हे एआय आहे’ अशी कमेंट येते. एआय ओळखून देणाऱ्या डिटेक्टरवर भरवसा नको, खुद्द चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने एआयचा मजकूर ओळखणारा आपला डिटेक्टर २०२३ मध्ये अचूक नाही म्हणून बंद केला. लेयर्सवाली फाईल मर्ज करू नका, रफचे फोटो तारखेसकट ठेवा, प्रोक्रिएट या चित्रांच्या अ‍ॅपमध्ये टाइमलॅप्स आपोआप रेकॉर्ड होतो तो चालू आहे ना बघा. सगळं दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक क्लाऊड असेल तर त्यांच्या अटी आधी वाचा, हो, कंटाळवाण्या असतात, तरी वाचा.