रबर स्टॅम्पने दिवाळीचं ग्रीटिंग कार्ड
कागद 250 ते 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), म्हणजे जाडसर आणि गुळगुळीतच घ्या, एक ए4 शीट मधोमध कापून दुमडली की दोन कार्डं होतात. स्टॅम्प शाईच्या पॅडवर जोरात दाबायचा नाही, हलक्या हाताने टपटप करायचा, नाहीतर शाई खाचांत भरते आणि पणतीच्या जागी नुसता डाग उमटतो. मग कार्डवर सरळ ठेवून सगळीकडून सारखा दाबा, अजिबात हलवू नका, सरळ वर उचला. खाली जुना माऊसपॅड ठेवला की ठसा काय सुंदर येतो, खरंच करून बघा! सोनेरी उठाव हवा असेल तर पिगमेंट शाईच घ्या कारण ती हळू वाळते, ओली असतानाच सोनेरी एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून उठाव देणारी पूड) टाका, जास्तीची झटकून परत डबीत भरा आणि हीट गनने (खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) तापवा, हेअर ड्रायर नको, त्याने पावडर वितळायच्या आधी उडूनच जाते.