फेटलिंग शॉपमधून अणुभट्टीच्या सफाईकडे

वडील कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला होते. संध्याकाळी आले की आई उंबऱ्याबाहेरच अडवायची, "अहो, कपडे तिथंच झाडा, भुकटी घरात नको." बंद अणुसुविधांच्या डीकंटॅमिनेशनमध्ये, म्हणजे तिथली किरणोत्सारी घाण काढायच्या कामात आल्यावर कळलं, निम्मं काम हेच आहे.

नवी पोरं विचारतात, "कुठल्या औषधानं किरणोत्सार मरतो?" औषधानं तो मरत नाही, जागा बदलतो. पाइपवरचा थर रसायनानं सुटतो, मग तो द्रावणात आणि तिथून रेझिनमध्ये, म्हणजे घाण धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांत जातो. म्हणून जितकं कमी पाणी, कापड आणि रसायन वापराल तितका मागं राहणारा कचरा कमी. शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्रे मारून थर काढणं, आपल्या फाउंड्रीवाल्यांना नवं नाही. इथंही करतात, पण बंद पेटीत, हवा अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून ओढत.

प्रशिक्षणात चमकणारी भुकटी लावलेल्या पाइपवर काम दिलं होतं. नंतर अंधारात अतिनील दिवा मारला, तर माझ्या गळ्यावर बोटाची ठळक रेघ! हातमोजे काढायच्या आधी मी मास्कची पट्टी सैल केली होती. पोटात गोळा आला. तेव्हापासून घरी आरशासमोर सराव केला: पहिला मोजा मनगटाशी बाहेरून धरून उलटा करत काढायचा, दुसऱ्यात आतून बोट घालायचं, बाहेरच्या बाजूला उघडी कातडी लागू द्यायची नाही. हे हाताला बसल्याशिवाय आत जाऊ नका.

आत छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगावर किती किरणोत्सार पडला ते त्यावरून कळतं. भारतात कामगाराला त्याची मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (हे त्याचं माप), कुठल्याही एका वर्षी 30. म्हणून अवघड कापकाम आधी मॉक-अपवर, म्हणजे नकली सांगाड्यावर करून वेळ घटवतात. कधी थांबणंच शहाणपणाचं असतं: कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ दर 5.27 वर्षांनी निम्मा होतो, 53 वर्षांत हजारावा हिस्सा उरतो. सीझियम-137 ला मात्र निम्मं व्हायलाच 30 वर्षं लागतात.

बीएस्सी, डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या स्टायपेंडरी ट्रेनी भरतीकडे लक्ष ठेवावं. फिजिक्समध्ये एमएस्सी असेल तर तिथला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा 1 वर्षाचा डिप्लोमा आहे. फिटर-वेल्डरनी स्वतःला कमी समजू नये, कापणारा हात त्यांचाच असतो.

बाहेर सोडायच्या लोखंडाचा तुकडा न् तुकडा मोजताना मला घरच्या भट्ट्या आठवतात, त्या भंगारावरच चालतात. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-60 भंगारात गेला, एक माणूस दगावला. सुट्टीला आलो की ओळखीच्या भंगारवाल्याला कागदावर किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह काढून देतो, "काका, असलं दिसलं तर हात लावू नका, कापू नका. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा."