ब्रोकोलिनी बिघडते कुठे? या चुका टाळा

ब्रोकोलिनी आणून फसलेल्यांची तक्रार ठरलेली असते. देठ चिवट राहिले, तुऱ्यांचा लगदा झाला, घरभर उग्र वास सुटला आणि एवढे पैसे पाण्यात गेले. भाजीचा यात काही दोष नसतो. तिला लहान आकाराची ब्रोकोली समजून चिरलं, शिजवलं आणि लावलं जातं, गणित तिथेच चुकतं.

योकोहामाच्या साकाता या जपानी बियाणे कंपनीने १९९३ मध्ये ब्रोकोली आणि काय-लान यांचा संकर करून ही भाजी आणली. काय-लान ही चिनी स्वयंपाकातली, देठांसाठी आवडीने खाल्ली जाणारी पालेभाजी. तुरा ब्रोकोलीचा आला, लांब, कोवळा, गोडसर देठ काय-लानचा. म्हणजे ही मुळात देठाची भाजी आहे. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

संकरित म्हणजे जनुकीय बदल केलेली, असं समजून ताट सरकवणारेही भेटतात. हा संकर परागीकरणाने केलेला आहे. बाजारातले मका, टोमॅटो, फ्लॉवर यांचे कितीतरी वाण असेच संकरित असतात, ते मात्र बिनबोभाट पोटात जातात.

घेताना आणि ठेवताना

‘बेबी ब्रोकोली’ असं लिहिलेल्या पाकिटात कधी खरी ब्रोकोलिनी असते, कधी साध्या ब्रोकोलीचे कापलेले तुरे. देठ बघा. पेन्सिलीपासून करंगळीएवढा जाड, वीतभर लांब आणि मोडला तर कट्कन तुटणारा हवा. ब्रिटनमध्ये ती ‘टेंडरस्टेम’ नावाने मिळते. परदेशात राहणाऱ्यांनी ‘रापिनी’ची जुडी मात्र ब्रोकोलिनी म्हणून उचलू नये. ती सलगमच्या जातकुळीतली, भरपूर पानांची आणि चांगलीच कडू असते.

एखाददुसरं पिवळं फूल उमललेलं असेल तर बिघडत नाही, तेही खाता येतं. आणल्या आणल्या धुऊन ओली फ्रिजमध्ये टाकू नका, तुरे काळे पडतात. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर चार-पाच दिवस टिकते. पिकलेली केळी किंवा सफरचंदं शेजारी नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने तुरे पिवळे पडतात. देठ मलूल झाले असतील तर टोकं कापून अर्धा तास गार पाण्यात उभे ठेवा.

तुऱ्यांत मावा ही बारीक कीड लपते, नळाखाली धरून ती निघत नाही. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून जुडी दहा मिनिटं उलटी बुडवा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा.

देठ कापून टाकणं

टाकायचा तो फक्त बुडाचा सेंटीमीटरभर भाग. कापल्यावर आत पांढरट, काड्यासारखं कडं दिसलं तर आणखी थोडं कापा. साल काढायची गरज नाही. करंगळीहून जाड देठ बुडाकडून वरपर्यंत उभा चिरा, तुरा अखंड राहू द्या. देठ आणि तुरा एकाच वेळी शिजतात ते या उभ्या चिरेमुळे. चौकोनी फोडी केल्या की तुरे आधी विरघळतात आणि देठ कच्चे राहतात.

कुकर आणि झाकण

सगळ्यात जास्त ब्रोकोलिनी इथे वाया जाते. फ्लॉवर-बटाट्याच्या सवयीने लोक ती कुकरला लावतात, एक शिट्टी काढतात आणि मग रंग कुठे गेला म्हणून विचारतात. भाजी तापली की तिच्यातली आम्लं मोकळी होतात. ती हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. झाकण असेल तर आम्लाची वाफ आतच कोंडते आणि हे आणखी लवकर घडतं. कोबीवर्गातली भाजी जास्त शिजली की गंधकाची संयुगं सुटतात. घरभर पसरतो तो वास त्यांचा.

रंग टिकावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालायची युक्ती सांगितली जाते. रंग टिकतो, पण देठ बुळबुळीत होतात आणि क जीवनसत्त्वाचं नुकसान होतं. दोन मिनिटं कढईपाशी उभं राहायचा कंटाळा, त्यावर काढलेला हा उपाय.

माझी पद्धत साधी आहे. पाव किलो भाजीला लोखंडी कढईत दीड चमचा तेल, मोहरी, हिंग, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या. मोठ्या आचेवर देठ तेलात येतील अशी भाजी पसरायची आणि दोन मिनिटं हलवायची नाही. देठांवर तपकिरी डाग पडले की मीठ आणि दोन मोठे चमचे पाणी घालून झाकण ठेवायचं, दीड मिनिटाने काढायचं. पाणी आटलं की संपलं. लिंबू गॅस बंद केल्यावर. टोमॅटो, चिंच, दही आधी घातलं की रंग गेलाच. कढई लहान असेल तर दोन घाण्यांत करा. गच्च भरलेल्या कढईत भाजी परतली जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडते.

पीठ पेरून करायची असेल तर बेसन आधी कोरडं, खमंग भाजून घ्या. कच्चं बेसन पेरलं तर ते शिजायला सात-आठ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात भाजीचं भरीत होतं. पाव किलोला तीन मोठे चमचे भाजलेलं बेसन पुरतं.

घरी लावणाऱ्यांच्या दोन चुका

पहिली चूक गड्डा वाढू देण्याची. मधला तुरा दिसू लागला की लोक तो ब्रोकोलीएवढा होण्याची वाट पाहतात. तो तेवढा होतच नाही, फुलून पिवळा पडतो आणि रोपाचा जोर त्यातच जातो. मधला तुरा दहा रुपयांच्या नाण्याएवढा झाला की निर्दयपणे तिरका कापा. त्यानंतर बगलेतून फुटणारे कोंब हेच खरं पीक. कापल्यावर रोपाला दोन मुठी गांडूळखत घाला. पुढचे चार-सहा आठवडे कोंब मिळत राहतात. हिरवेगार रोप पाहून हात आखडणाऱ्यांना एकच तोडा मिळतो.

दुसरी चूक घरचं बी धरण्याची. एका गच्चीवरच्या बागेत मेथी-धण्यासारखं हिचंही बी हौसेने धरलं. एक चांगलं रोप राखलं, शेंगा वाळवल्या, बी डबीत भरून सोसायटीत वाटलं. पुढच्या थंडीत प्रत्येक कुंडीत वेगळंच काही उगवलं. कुणाकडे नुसती रुंद पानं, कुणाकडे गड्डा धरू पाहणारं बुटकं रोप, कुणाकडे गुडघाभर वाढून तडक फुलणारं. दोष खताला दिला, मातीला दिला, कुंड्या बदलल्या. कारण बियाण्यातच होतं. एफ-१ संकराच्या, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीच्या, बियांतून पुढच्या पिढीत आई-बापाचे गुण विखरून बाहेर पडतात. त्यात जवळच कोबी, फ्लॉवर किंवा नवलकोल फुललेला असेल तर त्याचा परागही लागतो, कारण ही सगळी एकाच प्रजातीची. बी दरवर्षी विकत आणावं लागतं. ते जिवावर येत असेल तर माठ किंवा अंबाडी लावावी.

लावणीचा काळ चुकवू नका. देशावर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये बी टाका, अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. चार-पाच पानांची रोपं ३० सेंटीमीटरवर लावा. कुंडीत लावायचं तर बारा इंची कुंडीत एकच रोप. एका कुंडीत तीन रोपं कोंबणाऱ्यांना तिन्हींतून काडीएवढे देठ मिळतात. लावणीपासून ५० ते ६० दिवसांत तोडा सुरू होतो. कोकण-गोव्याच्या दमट उष्म्यात ती लवकर फुलते, तिथे फार आशा ठेवू नका. देठ आतून पोकळ निघाले तर नत्र जास्त झालं किंवा बोरॉन कमी पडलं असं समजा. युरियाचा हात आवरा. पानांना बारीक भोकं दिसली की खालच्या बाजूला चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या हिरव्या अळ्या शोधा, हाताने वेचा आणि पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की कोंब बारीक आणि कडवट येऊ लागतात. तेव्हा पाणी-खत घालून रोप ताणू नका, उपटा. त्या कुंडीत गवार किंवा भेंडी लावा. पुढच्या थंडीत ब्रोकोलिनी लावाल ती दुसऱ्या कुंडीत.