रात्री कॉम्प्युटर बंद पडला? सकाळपर्यंत या चुका टाळा

घरात कुणीतरी तापाने फणफणलंय, बाहेर वळवाचा पाऊस झोडपतोय, लाइट सारखी ये-जा करतेय आणि सकाळी दहाला पाठवायचं काम कॉम्प्युटरमध्ये आहे. अशा रात्री पडदा काळा झाला की माणूस सुचेल ते करून बघतो. दुरुस्तीला येणारे घरगुती कॉम्प्युटर मी बरीच वर्षं उघडतोय. मूळ बिघाड पुष्कळदा अगदी लहान निघतो. रॅम सैल झालेली असते, यूपीएसची बॅटरी संपलेली असते, नाहीतर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटच्या आत वीज पुरवणारी पेटी, थकलेला असतो. मोठं नुकसान होतं ते पुढच्या तीन-चार तासांत, अर्धवट झोपेत केलेल्या उपायांनी.

म्हणून माझा आग्रह आहे की रात्री दुरुस्तीच्या मागे लागू नका. रात्रीची कामं दोनच: आतला डेटा सुरक्षित ठेवायचा आणि अडलेलं काम दुसऱ्या वाटेने पुढे न्यायचं.

झोपेचा मुद्दा किरकोळ समजू नका. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांचा एक प्रयोग १९९७ साली ‘नेचर’मध्ये छापून आला होता. सलग १७ तास जागा असलेला माणूस हातडोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका घसरतो, असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरालाच त्या अवस्थेला पोचलेला असतो. मग दोन वाजता ‘ऑल डेटा विल बी डिलीटेड’ ही ओळ डोळ्यांसमोर असूनही वाचली जात नाही, यात नवल नाही.

पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये फिरती हार्डडिस्क असते. तिच्या आतल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड चकतीला न टेकता काही नॅनोमीटर वरून तरंगत जातं. केसाची जाडी याच्या हजारो पट असते. लाइट गेल्यावर हेड सुरक्षित जागी परतण्याची सोय डिस्कमध्ये असते, पण डिस्क जुनी असेल किंवा लाइट एका मिनिटात चार वेळा गेली-आली असेल, तर हेड दुखावू शकतं. मग चालू केल्यावर टक्... टक्... टक् असा एका लयीत आवाज येतो. हेडला आपली जागा सापडत नाही, ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. बटण दाबून तुम्ही पुन्हा चालू केलंत की हाच खेळ नव्याने सुरू होतो, आणि दुखावलेलं हेड चकतीवर घासत असेल तर प्रत्येक वेळी डेटाचा थर खरवडला जातो.

एका हाउसिंग सोसायटीचे हिशेब बघणाऱ्या बाईंचा कॉम्प्युटर असाच आला होता. सासूबाईंचा दमा वाढला म्हणून त्या रात्रभर जाग्या होत्या. दर थोड्या वेळाने नेब्युलायझर लावून यायच्या, कॉम्प्युटर चालू करून बघायच्या आणि टक् टक् ऐकून पुन्हा बंद करायच्या. सकाळपर्यंत हे चाललं. डेटा रिकव्हरीवाल्याने ती डिस्क धूळविरहित ‘क्लीन रूम’मध्ये उघडली, तेव्हा चकतीवर कडेला एक गोल, चकचकीत ओरखडा दिसत होता. जिथे ओरखडा असतो तिथला डेटा जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. पहिल्याच आवाजाला प्लग काढून ठेवला असता, तर हेड बदलून बरंच काही वाचवता आलं असतं.

तेव्हा टक् टक् किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर लगेच बंद करा आणि प्लग काढा. डिस्कला थापट्या मारणं, फ्रीजमध्ये ठेवणं, ‘चेकडिस्क’ चालवणं यातलं काहीही करू नका. चेकडिस्क हे फाइलींची यादी दुरुस्त करण्याचं साधन आहे. मरायला टेकलेल्या डिस्कचा कोपरान् कोपरा वाचायला लावून ते तिला आणखी दमवतं. विंडोजने ते आपणहून सुरू केलं, तर पहिल्या काही सेकंदांत कुठलीही की दाबून थांबवता येतं.

एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, असेल तर आवाजच येत नाही. ती एकाएकी यादीतून नाहीशी होते आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो. एसएसडीत आणखी एक बाब आहे. फॉरमॅट केलं किंवा फाइल पुसली गेली की ट्रिम नावाची व्यवस्था ती जागा खरोखर रिकामी करून टाकते. ‘रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढू नंतर’ हा भरवसा फिरत्या डिस्कच्या काळातला आहे, तो इथे चालत नाही.

याच्या उलट एक प्रसंग आहे, तिथे मात्र धीर धरायचा. ‘वर्किंग ऑन अपडेट्स, ३० टक्के’ यावर पडदा अडकल्यासारखा वाटतो आणि माणूस कंटाळून प्लग ओढतो. जुन्या डिस्कवर अपडेटला तास-दोन तास सहज लागतात. कॅबिनेटवरचा बारीक दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. त्याला हात लावू नका.

विजेच्या बाबतीतल्या चुका

जळका वास, धूर किंवा चर्र असा आवाज आला तर कॅबिनेटच्या बटणाला हात न लावता भिंतीवरचा स्विच बंद करा. तिथवर पोचणं अवघड असेल तर एमसीबी पाडा. पावसाळ्यात फरशी ओलसर असते, त्यामुळे पायात रबरी चप्पल हवीच. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातली अर्थिंग नीट नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५ व्होल्टचा दाब दिसू शकतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणूस झटका बसूनही ‘चालतंय’ म्हणतो. पण चालवून घेण्यासारखी ही गोष्ट नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एसएमपीएसची पेटी घरी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो.

वीज कडाडत असताना यूपीएसचा प्लग काढला की काम झालं असं बरेच जण समजतात. पण तांब्याच्या तारेचं ब्रॉडबँड असेल तर झटका लॅनच्या, म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरला येणाऱ्या, वायरीतूनही आत येतो. बाकी सगळं ठीक आणि फक्त लॅन पोर्ट जळालेला, असे मदरबोर्ड दर पावसाळ्यात येतात. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण राउटरचा अडॅप्टर विजेच्याच बोर्डात असतो. तेव्हा लॅनची वायरही काढा.

आता इन्व्हर्टर. ‘घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो’ ही तक्रार मी सतत ऐकतो. बऱ्याच इन्व्हर्टरला एक छोटा स्विच असतो, त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘वाइड’ अशा दोन बाजू असतात. इकोवर इन्व्हर्टर कमी-जास्त दाब खपवून घेतो आणि बॅटरीवर सावकाश जातो. पंख्याला त्याने फरक पडत नाही, पण कॉम्प्युटरचा एसएमपीएस वीज खंडित झाल्यावर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. स्विच यूपीएसच्या बाजूला केला की हे रीस्टार्ट पुष्कळ घरांत थांबतात.

वेगळा यूपीएस असेल, तर त्यात बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. लाइट जाताच यूपीएस एकदा किंचाळून बंद होतो, याचा अर्थ बॅटरी गेली. कॉम्प्युटर बहुतेक धडधाकट असतो. यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीवरून लावून बघा, पण दाब स्थिर असेल तरच. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो.

एवढं बघायला हरकत नाही

झोपेतही जमेल असं थोडंच आहे. मॉनिटरचा दिवा लागलाय का, त्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का, हे बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआयची वायर त्याच्याच पोर्टमध्ये हवी. झाडलोट करताना कुणी ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचली की पडदा काळाच राहतो. विसरलेला पेनड्राइव्ह काढा, कारण कॉम्प्युटर कधी कधी त्यावरूनच सुरू व्हायला बघतो. प्लग काढून पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, मग पुन्हा लावा. एवढ्याने बरेच कॉम्प्युटर उठतात.

चालू झाला, पण तारीख भलतीच जुनी दिसतेय आणि प्रत्येक वेबसाइट ‘असुरक्षित’ म्हणतेय? हा व्हायरस नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. तारीख हाताने बदला आणि काम करा.

रॅम काढून खोडरबराने पुसणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. कोकणातल्या दमट हवेत तो लागूही पडतो. पण आधी कधी केला नसेल तर पहिला प्रयोग रात्री नको. खाच उलट्या बाजूला ठेवून जोर लावला की स्लॉटच तुटतो.

विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा आला (नव्या विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे) तर मोबाइलने त्याचा फोटो काढा. खाली लिहिलेला ‘स्टॉप कोड’ सकाळी फार उपयोगी पडतो.

‘रीसेट’ आणि बायोसशी खेळणं

तीन वेळा सुरू होता होता बंद पडलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा मेनू दाखवतं. त्यातलं ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा चालवायला हरकत नाही, अर्थात डिस्क आवाज करत नसेल तर. ‘रीसेट धिस पीसी’ मात्र सकाळवर ठेवा. त्यातल्या ‘कीप माय फाइल्स’ने तुमच्या फाइली राहतात, पण टॅलीपासून मराठी टायपिंगपर्यंत बसवलेले सगळे प्रोग्रॅम जातात. दुसऱ्या पर्यायात काहीच उरत नाही, आणि दोन्ही पर्याय एकमेकांना लागूनच असतात.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरून ‘सिक्युअर बूट’ किंवा ‘टीपीएम’ या नोंदी बदलू नका. नव्या विंडोज कॉम्प्युटरमध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते आणि मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. पण खातं कुणी उघडलं होतं, पासवर्ड काय होता, हे रात्री दोनला आठवत नाही. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. उपाय होता एक फाइल पुसण्याचा. पण जिथे डिस्क कुलूपबंद होती, तिथे आधी ही की शोधत बसावं लागलं. कॉम्प्युटर धड चालू असेल त्या दिवशी ही की कागदावर उतरवून आधार-पॅनच्या फाइलीत ठेवा.

गुगलवर सापडलेला हेल्पलाइन नंबर

पडदाभर भोंगा वाजवत ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असं आलं, तर ते निव्वळ एक वेबपान आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा आणि उघडलेल्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. रात्री मदत शोधताना वर दिसणारे नंबरही असेच असू शकतात. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप घ्यायला लावतो आणि पुढे बँकेपर्यंत पोचतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त.

अडलेल्या कामाचं काय?

फाइल फक्त कॉम्प्युटरमध्येच आहे, हे आधी गृहीत धरू नका. कधीतरी मेल केली असेल तर ‘सेंट’मध्ये असेल, व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर मोबाइलमध्ये. विंडोज ११ पुष्कळदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, चढवत असतं. मोबाइलवर त्याच खात्याने वनड्राइव्ह उघडा, आठवडाभरापूर्वीची प्रत जरी मिळाली तरी अर्धं काम वाचतं. ओटीजीच्या छोट्या जोडणीने पेनड्राइव्ह आणि कीबोर्डही मोबाइलला लागतो. फॉर्म भरायचा असेल तर ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडा.

काहीच सापडलं नाही, तर मुदत उलटायच्या आधी संबंधितांना दोन ओळींचा मेल करा आणि सोबत बंद पडद्याचा फोटो जोडा. मग झोपा, किंवा आजाऱ्याजवळ बसा.

सकाळी दुरुस्तीवाल्याकडे जाताना काय झालं ते क्रमाने सांगा: लाइट कधी गेली, आवाज कसला आला, तुम्ही कुठलं बटण दाबलं. काही लपवू नका. आणि ‘आतला डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही’ हे पावतीवर लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं काउंटरवरच्या मुलापासून आत बसलेल्या कारागिरापर्यंत पोचतंच असं नाही. डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्या. ती तुमची आहे, आणि आज न निघालेला डेटा पुढे एखाद्या चांगल्या लॅबमध्ये निघू शकतो.