नव्वद दिवसांची अट

बडोद्यात बसून मराठीत अद्भुतरम्य प्रेमकथा लिहिताय? सुरसागर तलावाच्या तळाशी खुशाल नगरी वसवा, पण केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वतःच पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर, ई-पुस्तक काढताना तिथल्या ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेवर खूण करण्याआधी थांबा. त्या योजनेत शिरलं की ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही असून चालत नाही; नमुना म्हणून फार तर १० टक्के मजकूर. आपल्यातले बरेचजण आधी प्रकरणं एखाद्या ॲपवर फुकट टाकतात आणि ती तिथेच राहून जातात. ती आधी काढा. मुदत संपली की योजना आपोआप पुढे चालू होते, म्हणून तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा.

मग घ्यायचीच कशाला? कारण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी तिच्याशिवाय मिळत नाही, एरवी ३५. मी म्हणेन, मालिकेचा पहिला भाग मोकळा ठेवा, जिथे वाचक असेल तिथे पोहोचू द्या. तो एकदा नायक-नायिकेत गुंतला की पुढचे भाग शोधत येतो. ते सिलेक्टमध्ये घाला.

छापील प्रतीला ही अट नाही. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.